ब्लूज नेमका कुठून सुरू झाला? आणि रेडिओ नसताना एवढा पसरला कसा?

निवडुंग

नमस्कार मंडळी. वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत बडी गाय यांना ऐकल्यापासून मला ब्लूजचं वेड लागलंय. आता लेकही गिटार शिकतो. परवा क्लासवरून आला तो हेच सांगत, की रॉबर्ट जॉन्सन नावाच्या माणसाने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आपला आत्मा विकला, बदल्यात गिटारची विद्या घेतली आणि तिथून ब्लूज सुरू झाला. गोष्ट त्याला फार आवडली आहे, पण तारखा जुळत नाहीत. जॉन्सनची ध्वनिमुद्रणं १९३६-३७ची. एके ठिकाणी वाचलं की ब्लूजची पहिली रेकॉर्ड १९२०ची. आणखी एके ठिकाणी १९१२ साल दिलंय आणि डब्ल्यू. सी. हँडी यांना ब्लूजचे जनक म्हटलंय. यातलं काय धरायचं?

दुसरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ही गाणी कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांची. घरात रेडिओ नाही, हातात पैसा नाही. मग या रेकॉर्डी खपल्या कशा? विकत कोण घेत होतं?

जुनी तबकडी

निवडुंगताई, १९१२ ही छापील कागदाची तारीख आहे आणि १९२० ही तबकडीची. गाणं या दोन्हींच्या आधीचं. जॉन्सन मात्र सुरुवातीचा माणूस नव्हेच. तो ध्वनिमुद्रणाला बसला तोवर ब्लूजच्या लोकप्रियतेची पहिली लाट येऊन ओसरली होती.

मी पुण्यात चावीचे ग्रामोफोन दुरुस्त करतो आणि जुन्या तबकड्या जमवतो. त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा वाटला. आधी तोच घेतो.

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये ओके कंपनीच्या स्टुडिओत मेमी स्मिथ या गायिकेने 'क्रेझी ब्लूज' गायलं. मेमी ही सिनसिनाटीची, नाटक-व्हरायटीच्या रंगमंचावर वाढलेली बाई. शेतमजुरीशी तिचा संबंध नव्हता. गाणं होतं पेरी ब्रॅडफर्ड यांचं, आणि हे मुद्रण व्हावं म्हणून या गृहस्थांनी कंपन्यांचे उंबरठे झिजवले होते. कंपन्यांना वाटायचं की काळे लोक तबकड्या घेणार नाहीत आणि काळ्या बाईची तबकडी गोरे घेणार नाहीत. ओकेने तर आधी सोफी टकर या गोऱ्या गायिकेचा विचार केला होता. शेवटी फेब्रुवारीत मेमीच्या आवाजात साधी गाणी असलेली एक तबकडी काढून बघितली, ती चालली, म्हणून ऑगस्टमध्ये ब्लूजला परवानगी मिळाली. पहिल्या महिन्यातच पाऊण लाख प्रती गेल्या असं सांगतात. दोनेक वर्षांत प्रत्येक कंपनी काळ्या गायिकांच्या शोधात हिंडू लागली. या मालाला त्यांनी 'रेस रेकॉर्ड्स' (रेस म्हणजे वंश) असं नाव दिलं, त्याची वेगळी यादी, वेगळे क्रमांक आणि वेगळ्या जाहिराती.

विकत कोण घेत होतं? तेच लोक, ज्यांच्याकडे पैसा नव्हता. एक तबकडी साधारण पाऊण डॉलरची. शेतमजुराला ही रक्कम लहान नव्हती. तरी घेत होते. 'शिकागो डिफेंडर' हे काळ्या लोकांचं वर्तमानपत्र, त्यात या तबकड्यांच्या मोठमोठ्या जाहिराती यायच्या, खाली कूपन असायचं. ते कापून पाठवलं की तबकडी टपालाने घरी. आगगाडीच्या पुलमन म्हणजे झोपायच्या डब्यांमध्ये काम करणारे काळे पोर्टर हे वर्तमानपत्रही दक्षिणेत नेत आणि तबकड्याही. उत्तरेत डझनाने घ्यायच्या आणि वाटेतल्या गावांमध्ये विकायच्या. दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे काळ्या लोकांचे लोंढे चालले होते, ते ज्या गाड्यांनी चालले होते त्याच गाड्यांनी गाणी परत खाली येत होती.

विजेचं म्हणाल, तर तिची गरजच नव्हती. चावी भरली की स्प्रिंगवर यंत्र चालतं. साउंडबॉक्समध्ये पोलादी सुई बसवायची, एक बाजू वाजली की सुई बदलायची. लोक ती बदलत नसत, कारण सुईलाही पैसे पडतात. बोथट सुई चर, म्हणजे तबकडीवरची सुई फिरायची बारीक खाच, खरवडते. मुंबईच्या चोर बाजारातून आणलेल्या कितीतरी तबकड्या मी पाहिल्यात, ज्यांचे चर वाजवून वाजवून करडे पडलेत. काळ्या चकाकीवर तो करडेपणा दिसला की मला कळतं, ही घरात खूप लाडकी होती. १९६०च्या दशकात गेल डीन वॉर्डलो आणि त्यांच्यासारखे संग्राहक मिसिसिपीत दारोदार फिरून म्हाताऱ्या बायकांना विचारत होते, ओसरीखाली, माळ्यावर जुन्या तबकड्या आहेत का. मिळायच्या त्या अशाच, झिजून पांढऱ्या पडलेल्या. ब्लूज किती लोकप्रिय होता याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. खपाचे आकडे कंपनी फुगवू शकते, झिजलेला चर फुगवता येत नाही.

पॅरामाउंट या कंपनीचं उदाहरण मी नेहमी देतो. ती मूळची विस्कॉन्सिनमधली खुर्च्यांची कंपनी, 'विस्कॉन्सिन चेअर कंपनी'. ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवता बनवता त्यांना वाटलं, कपाटं खपायची तर सोबत तबकड्याही हव्यात. संगीतावर प्रेम वगैरे काही नाही. तबकडीला स्वस्तातली लाख, स्वस्तातलं छापकाम, खरखर एवढी की आवाज कानाने उकरून काढावा लागतो. आणि याच कंपनीने मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स ही सगळी माणसं तबकडीवर आणली. ही माणसं जगाला मिळाली यासाठी मी त्या खुर्चीवाल्यांचा ऋणी आहे, आणि त्यांनी इतकी वाईट लाख वापरली याचा राग मला आजही येतो. ती लाखही कुठली? त्या काळी तबकड्यांची लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. छोटा नागपूरच्या जंगलात पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडलेली लाख अमेरिकेला जाऊन तिच्यावर मा रेनीचा आवाज उमटला, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो.

मा रेनी आणि बेसी स्मिथ. ताई, लोकप्रियतेचा विषय काढलात तर या दोघींवाचून पुढे जाता येत नाही. मा रेनी तंबूच्या खेळांमधली. रॅबिट फूट मिन्स्ट्रेल्ससारख्या कंपन्या आपल्याकडचे तमाशाचे फड फिरतात तशा गावोगाव तंबू ठोकत फिरायच्या, आणि कापूस निघून मजुरांच्या हातात चार पैसे आले की त्या भागात हमखास पोचायच्या. मा रेनीने १९२३ ते १९२८ या काळात पॅरामाउंटसाठी शंभराच्या आसपास गाणी दिली. तिची रंगमंचावरची एन्ट्री ऐका: मंचावर एक प्रचंड ग्रामोफोन उभा असायचा, एक मुलगी येऊन त्यावर भलीमोठी तबकडी ठेवायची, आतून मा रेनीचा आवाज सुरू व्हायचा, मग कपाटाचं दार उघडून ती बाहेर यायची. गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ, सोन्याचे दात, अंगावर चमचमता पोशाख. तिच्या वाद्यवृंदाचा प्रमुख टॉमस डॉर्सी, जो पुढे चर्चच्या गॉस्पेल संगीतातला सर्वांत मोठा रचनाकार ठरला, त्याने हे सगळं नंतर सांगून ठेवलंय. समोर बसलेल्या बायकांच्या घरी तेच यंत्र लहान आकारात होतं. त्यातली बाई आज त्यांच्यासमोर उभी राहायची.

बेसी तिच्याहून लहान, चॅटनूगाची, रस्त्यावर गाऊन पैसे मिळवत वाढलेली. कोलंबिया कंपनीने तिचं पहिलं गाणं, 'डाउन हार्टेड ब्लूज', १९२३ला काढलं आणि ते लाखांनी खपलं. दहा वर्षांत तिने कोलंबियासाठी १६०च्या आसपास गाणी गायली. मायक्रोफोन नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत तिचा आवाज जायचा.

गिटार घेऊन एकटाच गाणारा पुरुष हे चित्र या सगळ्यानंतरचं. पापा चार्ली जॅक्सन १९२४, ब्लाइंड लेमन जेफरसन १९२६, पॅटन १९२९. लेमनच्या तबकड्या जोरात चालल्या म्हणून कंपन्यांना कळलं की एकट्या गिटारवाल्यालाही गिऱ्हाईक आहे. गंमत अशी की त्याची गायकी बहुधा या बायकांच्या रंगमंचीय ब्लूजपेक्षा जुनी, पण दुकानात ती नंतर आली. मग मंदी कोसळली. १९२७ला अमेरिकेत वर्षाला दहा कोटींच्या घरात तबकड्या विकल्या जात होत्या, १९३२पर्यंत तो आकडा साठ लाखांवर आला. पॅरामाउंट त्यातच बुडाली.

मेम्फिसची मावशी

तबकडीकाकांनी कागद आणि गाणं हा भाग सोडलाय, तो मी घेते. मी मेम्फिसमध्ये राहते. भारतातून पाहुणे आले की ६१ नंबरच्या हायवेने त्यांना डेल्टात नेते. हा डेल्टा समुद्राजवळचा नाही बरं का. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधला सखल, सपाट, काळ्या मातीचा पट्टा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर इथलं दलदलीचं जंगल काळ्या मजुरांनी तोडलं, पुराचे बांध त्यांनीच घातले आणि मग त्याच जमिनीत ते अर्धेलीने कापूस लावू लागले. बियाणं, खेचर, पीठ, मीठ, सगळं मालकाच्या दुकानातून उधार. हंगामाच्या शेवटी हिशेब मालकच करणार आणि बाकी मजुराकडेच निघणार. १८९०च्या राज्यघटनेने त्यांचं मतही काढून घेतलं. ज्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ला अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्यांना कळलं असतं तर काय वाटलं असतं, हा विचार इथे उभं राहिलं की माझ्या मनात येतोच. हँडींचा जन्म त्याच साली, अलाबामातल्या फ्लॉरेन्सचा, गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी. वडील धर्मोपदेशक. पोराने पैसे साठवून गिटार आणली तर ती परत करायला लावून त्याऐवजी शब्दकोश आणायला लावला.

गाणं किती जुनं याची सगळ्यात चांगली साक्ष एका पुरातत्त्ववाल्याची आहे. हार्वर्डचे चार्ल्स पीबडी १९०१-०२मध्ये क्लार्क्सडेलजवळ जुन्या टेकाडांचं उत्खनन करत होते. खणणारे मजूर काळे. ते दिवसभर गात होते आणि गाण्यातून साहेबांची खेचतही होते: आम्ही मरेस्तोवर दमलोय आणि हे वर बसून चाकूचा खेळ खेळताहेत. पीबडींना गाण्यातलं विशेष कळत नव्हतं, पण त्यांनी जमेल तसं टिपून १९०३ला छापलं. त्यात त्यांनी वर्णन केलेल्या लांबवलेल्या, स्वरांच्या मध्येच घुटमळणाऱ्या एकट्या मजुराच्या हाका वाचल्या की ब्लूज ऐकलेल्या माणसाला लगेच ओळख पटते.

हँडी तेव्हा त्याच क्लार्क्सडेलमध्ये बँड चालवायला आले होते. १९०३च्या सुमारास टटवायलरच्या स्टेशनात ते गाडीची वाट बघत झोपले होते. गाडीला कित्येक तासांचा उशीर. जाग आली तर शेजारी फाटक्या कपड्यांतला एक सडपातळ माणूस गिटार वाजवतोय, डाव्या हातात चाकू, तो तारांवरून सरकवतोय. एकच ओळ तीनदा म्हणत होता, की मी तिथे चाललोय जिथे सदर्न रेल्वे डॉगला ओलांडते. ही जागा खरी आहे. टटवायलरच्या दक्षिणेला मूरहेड गावात दोन रेल्वेमार्ग काटकोनात एकमेकांना छेदतात, त्यातल्या एकाला लोक 'यलो डॉग' म्हणायचे. त्या माणसाचं नाव हँडींनी विचारलं नाही. टटवायलरला आता भिंतीवर चित्र आहे आणि फलक आहे, पण मला मूरहेडला जास्त आवडतं. तो काटकोन बघितला की कळतं, गाणं हवेत नव्हतं, माणसाला जायच्या गाडीबद्दल होतं.

पण हँडी त्या रात्री बदलले नाहीत. बदलले ते नंतर, डेल्टातल्याच क्लीव्हलंड नावाच्या गावात. त्यांचा बँड नाचाच्या कार्यक्रमात नोटेशन बघून वाजवत होता. मधल्या वेळात तिथल्याच तीन पोरांना वाजवू दिलं, गिटार, मँडोलिन आणि एक मोडकं बास. लोकांनी त्यांच्या पायाशी नाण्यांचा पाऊस पाडला. हँडींच्या सगळ्या बँडला मिळालेल्या बिदागीपेक्षा तो जास्त होता. त्यांनी स्वतःच लिहिलंय की लोकांना काय हवं हे त्यांना तिथे कळलं.

१९१२ला त्यांनी मेम्फिसमध्ये 'मेम्फिस ब्लूज' छापलं. मूळ चाल एका महापौरपदाच्या निवडणूक प्रचारासाठी बांधलेली. त्याच वर्षी त्यांच्या आधी डॅलसच्या एका ब्लूजचं आणि बेबी सील्स यांच्या ब्लूजचंही नोटेशन बाजारात आलं होतं. म्हणून हँडींना जनक म्हणणं मला पटत नाही. पण त्यांनी जे ऐकलं ते कागदावर नीट बसवलं, देशभरच्या पियानोंपर्यंत आणि वाद्यवृंदांपर्यंत पोचवलं, हे काम लहान नाही.

आणि रंगमंच कागदाच्याही आधी पोचला होता. १९१०च्या एप्रिलमध्ये 'इंडियानापोलिस फ्रीमन' या काळ्या लोकांच्या वर्तमानपत्रात फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या एका कार्यक्रमाची बातमी आहे. जॉन वुड्स नावाचा शब्दभ्रमकार आपल्या बाहुल्याला दारू प्यायल्यासारखं झुलवायचा आणि त्या बाहुल्याच्या तोंडून ब्लूज गायचा. रंगमंचावर ब्लूज गायल्याची छापील नोंद आतापर्यंत सापडलेली सगळ्यात जुनी हीच. गाणारा एक बाहुला!

कोमल निषाद

मावशी, बाहुल्याची नोंद माहीत नव्हती, आभार. थोडं गाण्याच्या अंगाने लिहितो, मुलाला उपयोगी पडेल.

ब्लूजचा रूढ साचा चार-चार मात्रांच्या बारा भागांचा. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, मग तिसरी ओळ उत्तर देते. पहिल्या ओळीखाली षड्जावरचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले सूर, दुसरी ओळ मध्यमावर सुरू होऊन षड्जावर परत येते, तिसरी पंचमावरून मध्यमावर आणि तिथून घरी. पण खरी मजा ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत आहे. ओळ चारपैकी जेमतेम दोन भाग व्यापते. उरलेल्या दोनांत वाद्य उत्तर देतं. तिथे गिटार नुसती भर घालत असेल तर ब्लूज मेला म्हणून समजा.

दुसरी गोष्ट गंधाराची. गाणारा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी उभा राहतो, निषादाचंही तेच. पियानोवर ती जागा नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम घासून जातात. गिटारवर तार ओढून किंवा चाकू, बाटलीची मान सरकवून ती मिळते. ही सवय आणि सवाल-जवाबाची पद्धत पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या टिकवलेली. बॅन्जोची कुळीही तिकडचीच, भोपळ्यावर कातडं ताणलेली. पण मालीतल्या एखाद्या वादकाचं ऐकून 'हाच मूळ ब्लूज' म्हणतात ते मला पटत नाही. ब्लूज अमेरिकेत झाला. त्यात चर्चची गाणी आहेत, बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारी गाणी आहेत, हवाईयन गिटारही आहे.

गिटार तरी गरिबाकडे कुठून आली? सिअर्स रोबकच्या टपाल कॅटलॉगमधून, काही डॉलरांत. त्याआधी पोरं काय करायची, तर झाडूची तार काढून झोपडीच्या भिंतीला दोन खिळ्यांवर ताणायची, खाली बाटली अडकवायची आणि दुसरी बाटली वरून सरकवायची. एका तारेचं वाद्य. बडी गायनेही लहानपणी लुईझियानात असंच काहीबाही तारांचं बनवून सुरुवात केली.

आणि मुलाला हे नक्की सांगा, की बारा भाग हा कायदा नव्हता. पॅटन साडेतेराही घेतो. लेमन जेफरसन ओळ संपली की मनाला येईल तितका वेळ गिटारवर हिंडतो. बारा पक्के झाले ते वाद्यवृंदांनी एकत्र वाजवायचं म्हटल्यावर.

पणजीचा ट्रम्पेट

एक मुंबईचा दुवा राहतोय. जेम्स रीस युरोप यांच्या ऑर्केस्ट्राने 'मेम्फिस ब्लूज' न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू नाचांमध्ये नेलं. त्यांच्या १९१३-१४च्या ध्वनिमुद्रणांत कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवणारा क्रिकेट स्मिथ १९३६ला मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड चालवत होता! त्याच्या आधीच्या वर्षी लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा बँड ताजला आला होता. आमच्या गोव्याच्या वादकांनी ते संगीत या माणसांच्या शेजारी बसून उचललं. हळदोण्याचा चिक चॉकलेट तिथूनच घडला आणि पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांमधला ट्रम्पेट झाला. म्हणजे ब्लूजच्या पहिल्या दिवसांतला एक माणूस खुद्द कुलाब्यात फुंकत होता.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, मूरहेडचं लेकाला वाचून दाखवलं, नकाशावर काढून बसलाय. दोन गोष्टी अजून. मग जॉन्सनची ती गोष्ट आली कुठून? आणि बायका आधी होत्या, एवढ्या खपत होत्या, तर आज ब्लूज म्हटलं की डोळ्यांसमोर गिटारवाला पुरुषच का येतो?

जुनी तबकडी

दोन्हींचं उत्तर एकच आहे, ताई.

चौरस्त्यावरच्या सौद्याची गोष्ट आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जायची, त्याच्या भावाने ती सांगितलेली आहे. टॉमी आणि रॉबर्ट एकमेकांचे कुणी नव्हेत. पुढे ती रॉबर्टला येऊन चिकटली. रॉबर्ट शिकला कसा याची माहिती आहे. हेझलहर्स्टकडे आइक झिमरमन नावाचा गिटारवादक त्याला रात्री कब्रस्तानात घेऊन बसायचा, कारण तिथे झोपमोड झाली म्हणून तक्रार करायला कुणी नसतं. आणि तो तबकड्यांवरून शिकला. लेरॉय कार, कोकोमो अर्नोल्ड, स्किप जेम्स यांच्या चाली त्याच्या गाण्यांत ऐकू येतात. लेरॉय कार तर इंडियानापोलिसचा पियानोवाला! डेल्टातला पोरगा शेकडो मैलांवरच्या माणसाची गायकी उचलतो ती तबकडीवरून. मला हे सैतानापेक्षा खूप मोठं वाटतं. लेकाला सांगा, त्या माणसाने ऐकून ऐकून आणि रात्र रात्र बसून हे मिळवलं.

त्याची गाणी एकूण २९, सॅन अँटोनियो आणि डॅलसला मुद्रित केलेली. त्यातलं 'टेराप्लेन ब्लूज' बऱ्यापैकी चाललं, बाकीच्यांकडे फारसं कुणी वळलं नाही. १६ ऑगस्ट १९३८ला ग्रीनवुडजवळ तो २७व्या वर्षी गेला. त्याच वर्षी डिसेंबरात कार्नेगी हॉलच्या मोठ्या कार्यक्रमासाठी कार्यक्रमाचे निर्माते जॉन हॅमंड त्याला शोधत होते, तेव्हा तो गेल्याचं कळलं आणि त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी गायले. १९६१ला त्याच्या गाण्यांची एलपी निघाली, ती इंग्लंड-अमेरिकेतल्या गोऱ्या तरुण गिटारवादकांच्या हाती पडली आणि तिथून तो मोठा झाला. त्यांना गिटार हवी होती, एकटेपणा हवा होता, गूढ हवं होतं. सोन्याच्या नाण्यांची माळ घालून कॉर्नेट-पियानोसोबत गाणारी बाई त्यांच्या चित्रात बसेना. १९२५ साली मिसिसिपीतल्या एखाद्या मजुराला विचारलं असतं, सगळ्यात मोठं ब्लूज कोण गातं, तर तो बेसीचं नाव घेता. त्या मजुरांच्या निवडीला मी जास्त मान देतो, कारण पाऊण डॉलर त्यांनी पोटाला चिमटा काढून दिला होता.

पैसे मात्र गाणाऱ्यांना मिळाले नाहीत. हँडींनी 'मेम्फिस ब्लूज'चे हक्क ५० डॉलरला दिले आणि इतरांनी त्यावर मजबूत कमावलं. ते शहाणे झाले, हॅरी पेस यांच्यासोबत स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १९१४चं 'सेंट लुईस ब्लूज' हातचं सोडलं नाही. त्यावर ते आयुष्यभर जगले. बेसीला तसा भागीदार भेटला नाही. तिला दर बाजूचे ठरावीक पैसे मिळायचे, रॉयल्टी काही नाही. १९३७ला ६१ नंबरच्या त्याच हायवेवर मोटार अपघातात ती गेली आणि तिच्या थडग्यावर १९७०पर्यंत दगडसुद्धा नव्हता.

निवडुंग

हे वाचून वाईट वाटलं. आज रात्री लेकाला बेसी ऐकवते. कुठून सुरुवात करू?

जुनी तबकडी

'सेंट लुईस ब्लूज', १४ जानेवारी १९२५ची तबकडी. तीच शोधा. कोलंबियाकडे मायक्रोफोन यायच्या थोडी आधीची आहे, म्हणजे सगळे एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून गायलेत-वाजवलेत. तिघंच आहेत. बेसी, कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग आणि फ्रेड लाँगशॉ यांच्या हाती पायाने भाता मारायची पेटी. हो, पेटीच. आपल्या कानाला ती साथ लगेच ओळखीची वाटते. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा, आणि खरखर कमी केलेली आवृत्ती टाळा, त्यात आवाजाची धारही जाते. कोमल निषाद यांनी ओळीनंतरच्या मोकळ्या जागेबद्दल लिहिलंय ना, तिथे मुलाला आर्मस्ट्राँगकडे लक्ष द्यायला सांगा. बेसीची ओळ संपते तिथून तो काय उचलतो आणि तिची पुढची ओळ सुरू व्हायच्या आत कुठे सोडतो, हे त्याने गिटारवर वाजवून बघावं. जमलं नाही तर विचारा, मी नोटेशन काढून इथे टाकतो.